पेवाचा दिवा

हिंगोली, ता. ६ मार्च १९३८

नासेर,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फेकून देऊ नकोस, आधी वाच. तू मुंबईला गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस, तेव्हा त्या बाबतीत आपण दोघे भाऊ बराबर आहोत. हे पत्र गोडी करण्यासाठी लिहिलेलं नाही. काम पडलं म्हणून लिहितो.

मराठीत लिहितो म्हणून हसू नकोस. तुला उर्दू शाळेत घातलं ते मीच. माझ्या वाट्याला इथल्याच गोरेगावच्या मास्तरांची मराठी शाळा आणि त्यांची छडी आली. जे येतं त्यात लिहितो.

स्टेशनाजवळची गुमानमल शेठची घासलेटची टाकी तू विसरला असशील असं मला वाटत नाही. ती उभी राहत होती तेव्हा आपलं जे झालं ते साऱ्या हिंगोलीनं पाहिलं. तू म्हणत होतास, भाई, तुम्ही रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचं माप घेऊन तेलाची टाकी बांधताय, पाण्याचा नियम वेगळा, तेलाचा वेगळा. आणि ते इंग्रजी पुस्तक उघडून वाचून दाखवत होतास. पत्रा किती जाड हवा, रिव्हेट किती जवळ मारायचे, छपरावर हवा जायला नळी हवी, तेल भरायच्या आधी पाणी भरून पाहायला हवं. मजूर ऐकत होते, शेठ ऐकत होता. अम्मी-अब्बा गेल्यावर तुला मी वाढवलं, आणि तू माझ्या हाताखालच्या माणसांपुढे म्हणालास की ही टाकी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. माझा हात उठला. तू त्याच दिवशीच्या गाडीनं गेलास. ते जाऊ दे.

एक सांगतो, तुला बरं वाटावं म्हणून नाही. तू गेल्यावर छपरावर नळी मी बसवली. पाणी भरूनही पाहिलं, तेव्हा नदी वाहत होती. शेठशी भांडून पत्रा जाड घेतला. पुस्तक तू इथंच टाकून गेला होतास, त्यातली चित्रं पाहून जेवढं समजलं तेवढं केलं. टाकी आजवर थेंबभर गळली नाही.

आता मात्र तळाचा एक सांधा पाझरायला लागलाय. तळाशी गाळ बसलाय, तो उपसल्याशिवाय सांधा दिसणार नाही, म्हणजे माणूस आत उतरवावा लागणार. पावसाळ्याच्या आत शेठला टाकी पुन्हा भरायची आहे. उतरणार आहे हरिचंद. दुसरा कोण उतरेल? तांड्यावरचा हरिचंद, ज्याच्या खांद्यावर बसून तू बाजार पाहिलास आणि ज्याच्या पागोट्यावर तू एकदा नको ते करून ठेवलंस. तो अजून ती गोष्ट जत्रेत सांगतो.

त्याची रीत तुला माहीत आहे. जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडायचं झालं की अजूनही चार गावं त्यालाच बोलावतात. पेवाचं तोंड उघडायचं, पेटता दिवा सुतळीनं आत सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा खराब, थांबायचं. जळत राहिला तर उतरायचं. त्याचा बाप एकदा घाईत दिवा न सोडता उतरला आणि ज्वारीवरच मरून पडला. हरिचंदनं ते मढं स्वतः वर ओढलं होतं. तेव्हापासून दिव्याशिवाय तो कुठल्याही भोकात पाय घालत नाही. मागे एकदा ऐन थंडीत तो याच टाकीत उतरला होता, तेव्हाही दिवा सोडूनच. काही झालं नाही.

तरी या खेपेला माझ्या मनात खुटखुट आहे. का ते मला सांगता येत नाही. तुझं ते वाक्य कानात बसलंय म्हणून असेल. तू तिकडे तेलाच्या मोठमोठ्या टाक्यांवर आहेस असं ऐकतो. तिथं माणूस आत उतरवताना कोणता नियम पाळतात ते लिहून कळव. माझ्यासाठी नको लिहूस, हरिचंदसाठी लिही. तो मरायला नको, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी भावजय फातिमाबी तुला सलाम सांगते. ती मला न विचारता सांगते.

इब्राहीम

हिंगोली, ता. ४ एप्रिल १९३८

नासेर,

तुझं कार्ड मिळालं. सलाम नाही, दुआ नाही, भावजयीची चौकशी नाही. टाकी रिकामी करा. पाण्यानं भरून पुन्हा रिकामी करा. वरचं आणि खालचं अशी दोन्ही तोंडं उघडी ठेवून हवा पुष्कळ दिवस खेळू द्या. आग जवळ नको, दिवा मुळीच नको. संपलं. खाली सहीसुद्धा नाही. कचेरीतला कारकून समन्स पाठवतो त्यातही याहून जास्त माया असते.

पण नियम आला, तेवढ्यानं मी खूश आहे. लगेच शेठकडे गेलो. म्हटलं, टाकी आधी पाण्यानं भरावी लागेल. शेठ पान खात होता, त्याला ठसका लागला. म्हणाला, "मिस्त्री, गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही टाकीला आंघोळ घालता?" खरं आहे त्याचं. कयाधूचं पात्र कोरडं पडलंय. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. तेवढी टाकी भरायला गाव तहानलेलं ठेवावं लागेल. तुझ्या पुस्तकात समुद्राकाठच्या टाक्या आहेत, बाबा.

म्हणजे पाणी बाद झालं. राहिली हवा, ती फुकट आहे. तेल काढून घेतलं. दोन्ही तोंडांची झाकणं काढली. वरचं झाकण गंजून बसलं होतं, ते ठोकून काढताना माझा खांदा भरला, तो अजून दुखतोय.

आणि राहिला दिवा. त्याच्यापायी हरिचंदशी माझं रोज भांडण चाललंय.

तो म्हणतो, "दिवा काहून न्हाई?"

मी म्हणतो, नासेरनं लिहिलंय.

"नासेरनं पेव पाह्यलंय का? मला दिवा न्हाई म्हनता, मंग आत हवा चांगली हाय का न्हाई ते मला सांगंन कोन? तुमी सांगता का? माझ्या बापाला बी असंच कोनीतरी म्हनलं आसंन, उतर, काय होतंय."

मी म्हटलं, अरे, घासलेट आहे, पेट घेईल. त्यावर तो उठला, आमच्याच घरातली वाटी घेतली, त्यात घासलेट ओतलं, काडी ओढली आणि जळती काडी सरळ तेलात बुडवली. काडी विझली. फातिमाबी पाहत होती. तो म्हणाला, "पाह्यलं का? तेलात काडी विझती. आन तुमी तर तेल बी काढून घेतलं. आत निसता गाळ हाय. गाळ काय पेटतो का?"

मी तीस वर्षं लोखंड ठोकतोय, मलाही वाटतं की तो बरोबर बोलतोय. तुझा नियम चूक असेल असं मी म्हणत नाही, पण नियम सांगणाऱ्यानं कारणही सांगावं. मी हरिचंदला दम देऊ शकतो, पटवू शकत नाही. ज्यानं बापाचं मढं पेवातून ओढलं त्याला नुसतं 'नको' म्हणून चालत नाही.

म्हणून पुन्हा विचारतो, दिवा का नको? एक ओळ लिही. रागानं लिही, शिव्या घालून लिही, पण लिही.

इब्राहीम

हिंगोली, ता. २ मे १९३८

नासेर,

तुझं उत्तर नाही. टपालवाला आता मला पाहिलं की लांबूनच हात हलवतो.

शेठ थांबायला तयार नाही. तेलाच्या वॅगनी यायच्या आहेत, पाऊस लागला की गावोगावच्या गाड्या बंद होतात, त्याआधी माल गावात पोचवायचा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

ऊन असं पडलंय की टाकीच्या पत्र्याला पाठ लागली तर कातडी निघते. तोंडं उघडी आहेत, पण वारा पडलाय. खालच्या तोंडाशी नाक नेलं की डोकं गरगरतं. हरिचंद म्हणतो, "हे पाहा, खराब हवा हाय म्हनून तर दिवा पाह्यजे." त्याचंही चुकत नाही. मी म्हटलं, दिव्याऐवजी कोंबडी सोडू टोपलीत. तो म्हणाला, "कोंबडी भेवूनच मरंन, मंग तुमी म्हनसाल हवा खराब." मी म्हटलं, मग मी आधी उतरतो. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, टाकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि इतका हसला की शिडी धरून खाली बसला. मलाही हसू आलं. नासेर, हा माणूस नसता तर मी इथं कोणाशी बोललो असतो ते मला ठाऊक नाही. तू गेल्यावर पहिले कितीतरी दिवस तो संध्याकाळी येऊन नुसता आमच्या ओट्यावर बसायचा. तुझं नाव काढायचा नाही. म्हणायचा, "आलतो असाच."

शेवटी मी त्याला शपथ घातली. म्हटलं, हरिचंद, माझ्यासाठी दिवा नको. कमरेला दोर बांधतो, वर मी स्वतः धरून बसतो, खालच्या तोंडाला ओली पोती लावून आत गारवा करतो, तू बोलत राहायचं, आवाज थांबला की मी ओढतो. त्यानं खूप वेळ पागोटं सोडलं, बांधलं, सोडलं. मग मान हलवली. हरिचंदनं मान हलवली की झालं. मी निश्चिंत आहे.

निश्चिंत आहे असं लिहिलं खरं. हे पत्र तुला मिळेपर्यंत काम होऊन गेलेलं असेल.

इब्राहीम

हिंगोली, ता. १२ मे १९३८

नासेर,

हरिचंद गेला.

दुपार होती. मी खालच्या तोंडाशी पोती भिजवून लावत होतो. तो वर छपरावर बसला होता, मी पोती लावून वर यायचं आणि मग त्यानं उतरायचं, असं ठरलं होतं. त्याची बायको जिवनबाई भाकरीची टोपली घेऊन आली, शिडीवरून त्याला दिली आणि घागर घेऊन स्टेशनाच्या नळाकडे गेली. मी तिला म्हटलंसुद्धा, भाकरी आताच काहून, काम झाल्यावर खाईल. तिनं पदर ओढून घेतला.

मग जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मी लांब जाऊन पडलो होतो आणि टाकीचं छप्पर वर गेलेलं दिसत होतं, इतकं वर की ते खाली यायला वेळ लागला. माझ्या भुवया जळाल्या, डाव्या हाताची कातडी गेली. कान अजून वाजतात. हरिचंद शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या कुंपणापाशी सापडला. आधी पोचलो मी. त्याच्या मुठीत सुतळी होती, पेवात दिवा सोडायची तीच, हळदीच्या रंगाची. मी ती मुठीतून सोडवली आणि खिशात घातली. पोलिसांचे अमीनसाहेब येईपर्यंत ती माझ्या खिशात होती. नंतर मी ती चुलीत टाकली.

टाकीचं छप्पर उडालं, पण बाजूचा एकही रिव्हेट तुटला नाही. एकही नाही. मी जळक्या हातानं चाचपून पाहिलं. हे तुलाच सांगतो, कारण त्याचा अर्थ तुला एकट्याला कळेल.

मी तुला विचारलं होतं. एक ओळ मागितली होती. कारण कळलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. हरिचंद हट्टी नव्हता, त्याला न पटलेलं काम त्यानं आयुष्यात केलं नाही एवढंच. तुझ्याकडे ते कारण होतं आणि तू ते दाबून ठेवलंस, माझ्या एका थपडेसाठी. मला आज तुझा इतका राग आलाय की तू समोर असतास तर दुसरीही मारली असती आणि मग तुझ्याच गळ्यात पडून रडलो असतो.

इब्राहीम

हिंगोली, ता. २६ मे १९३८

नासेर,

तुझं लांबलचक पत्र आलं. कागदावर डाग पडलेत ते कशाचे, ते फातिमाबीनं ओळखलं.

तू लिहितोस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. घासलेट गार असलं की काडी विझते, पण पत्रा तापला की त्याची वाफ उठते, ती दिसत नाही, टाकीभर कोंडून राहते, आणि तिला ठिणगी लागली की ती सगळी एकदम पेटते. तेल काढलं तरी गाळातून ती उठतच राहते. थंडीत वाफ उठली नाही म्हणून त्या वेळी दिवा चालला. पेवातली हवा माणसाला गुदमरवते म्हणून तिथं दिवा राखण करतो, आणि टाकीतली हवा स्वतःच पेटते म्हणून इथं तोच दिवा जीव घेतो. किती सरळ गोष्ट आहे. हरिचंदला चिलीम भरेपर्यंत समजली असती.

तू असंही लिहितोस, की मी 'का' विचारलं ते तुला लागलं. तुला वाटलं, भाई पुन्हा माझ्या पुस्तकावर शंका घेतोय. असू दे. आपण दोघे एकाच आईची पोरं आहोत, वेगळं काय होणार? तुझ्यावरचा राग गेला असं म्हणत नाही. थकला आहे.

पण तू येतो म्हणतोस, ते मात्र नको. येऊ नकोस. का ते सांगतो, मी तुझ्यासारखा 'का' गिळून बसत नाही.

मातीनंतर मी तांड्यावर गेलो. जिवनबाई दारात बसली होती. तिचा धाकटा दीर नेमसिंग जवळ उभा होता. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "इब्राहीमभाई, तुमाला एक सांगायचं हाय. दिवा म्याच लावून दिल्ता. टोपलीत मडकं ठिवलं, त्यात दिवा. तेच म्हनले व्हते, इब्राहीमभाईला दिसू देऊ नको, त्याच्या जिवाला घोर लागंन. वात बी म्या मोठी केली, उन्हात दिसावी म्हनून. आता मला सांगा, दिवा असून टाकी काहून फुटली? दिव्यात काही खोट व्हती का?"

तुझं पत्र तेव्हा आलं नव्हतं, पण मुठीतली सुतळी पाहिल्यापासून मला कळायचं ते कळलं होतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या दोन्ही हातांत बांगड्या नव्हत्या. आणि मी म्हणालो, "दिव्याचं काही नाही, जिवनबाई. माझे रिव्हेट कच्चे होते. टाकी माझ्या हातानं बिघडली."

तोंडातून निघून गेलं. मग तेच धरून बसलो. अमीनसाहेबांपुढेही तेच लिहून दिलं. काही दिवस चौकीत बसवून ठेवलं, मग अपघात म्हणून सोडलं. शेठला ते सोयीचं पडलं, त्यानं दुसरा मिस्त्री बघितला. जिवनबाई मला एवढंच म्हणाली, "तुमी त्यांना भाऊ म्हनत व्हता." आणि आत गेली. आता तांड्यावरचं कुणी मला रामराम करत नाही. बाजारात लोक बोटं दाखवतात की कच्च्या रिव्हेटचा मिस्त्री चालला. माझी सारी उमर ज्या कामात गेली त्या कामाचं नाव मी माझ्या तोंडानं बुडवलं. तकलीफ होते. का नाही होणार?

पण तिच्या पदरात ते कसं टाकू? नवऱ्याचा जीव तिनं लावलेल्या दिव्यानं गेला, हे कळून ती उद्या चूल कशी पेटवेल? माझं नाव गेलं तर जाऊ दे, ते एक लोखंडाचं नाव आहे.

तू आलास की दोन दिवसांत खरं बोलशील. तुझी ती खोड लहानपणापासूनची. म्हणून म्हणतो, तिकडेच राहा आणि गप्प राहा.

तुझा भाई
इब्राहीम

हिंगोली, ता. ६ जून १९३८

नासेर,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातलं काही उरलं नाही.

परवा बाजारात ऐकलं, की जिनिंगच्या आवारातल्या तेलाच्या टाकीचा गाळ उपसायला नेमसिंग जाणार. घरात खाणारी तोंडं आहेत, भावाचं काम भावानं उचललं. ती टाकी मुंबईहून तयार आलेली, तिच्यावर कंपनीचा शिक्का आहे. तांड्यात ठरलं, की ती साहेबाच्या नियमानं बांधलेली, रिव्हेट पक्के, फुटणार नाही, तेव्हा दिवा सोडून उतरायला काही हरकत नाही. हे कुणाच्या बोलण्यातून निघालं ते तुला सांगायला नको. ऊन अजून तसंच आहे, पावसाचा पत्ता नाही.

मी धावत आवारात गेलो. टाकीचं तोंड उघडलेलं, नेमसिंग सुतळीला गाठ मारत होता. दिवा पायाशी होता, अजून पेटवलेला नव्हता. मी तुझ्या पत्रातलं सगळं त्याला सांगितलं, वाफ, ऊन, ठिणगी, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग माझी गळपट्टी धरली.

"त्या दिशी रिव्हेट म्हनला. अमीनसाहेबापुढं रिव्हेट म्हनला. आज दिवा म्हनून राहिला? मेलेल्या मानसावर ढकलून राहिला? माझ्या भावाला दिवा सोडता येत नव्हता का?"

मी म्हटलं, नेमसिंग, तेव्हा मी खोटं बोललो.

"मंग आज खरं बोलून राहिला ते मी कशावरून धरू?"

बरोबर आहे त्याचं. एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दावर कोण जीव टांगेल? मी त्याच्या पायाशी बसलो, पाय धरले. त्यानं सोडवून घेतले. एवढंच म्हणाला, सकाळी ऊन चढायच्या आत उतरतो, तुमच्या म्हाताऱ्या तोंडाकडे पाहून. आजचं काम तेवढं थांबवलं. पण टाकी रात्रभरही निवत नाही, हे तू लिहिलंच आहेस, आणि दिवा तो नेणारच होता.

तांड्यापर्यंतचा रस्ता मी कसा चाललो ते मला सांगता येणार नाही. वाटेत कितीदा थांबलो. माझ्या जिभेला हजार वेळा वाटलं की दुसरं काहीतरी सापडावं, तिसरं एखादं खोटं, ज्यात नेमसिंगही वाचेल आणि तीही. सापडलं नाही. माझं डोकं लोखंडाचं आहे, त्याला एकच खोटं जमलं होतं.

जिवनबाई ज्वारी पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. रिव्हेट चांगले होते, दिव्यानं झालं, असं झालं, उद्या नेमसिंगचंही तेच होईल, तो माझं ऐकत नाही. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, सुपाकडे पाहत होतो. सूप हलायचं थांबलं.

तिनं पहिल्यांदा काय विचारलं असेल? "नेमसिंग उतरला तर न्हाई ना?"

नाही म्हटलं. ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पुढे चालायला लागली. नेमसिंग तांड्याच्या तोंडाशी चार माणसांत बसला होता. ती त्या माणसांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, बाई गड्यांमध्ये कधी उभी राहत नाही तशी, आणि मोठ्यानं म्हणाली, "इब्राहीमभाई खरं बोलून राहिले. तुझ्या भावाला म्या मारलं. दिवा म्या लावला, वात म्या मोठी केली, म्याच नेऊन दिला. टाकी चांगली व्हती. तू दिवा नेऊ नको."

नेमसिंग उठून तिच्या पायावर पडला, "वहिनी, असं म्हनू नको" म्हणून रडायला लागला. ती म्हणाली, "रडू नको, आधी हो म्हन." तो हो म्हणाला. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा हो म्हणाला.

नेमसिंग आता उतरणार नाही, टाकी उघडी ठेवून पावसाची वाट पाहणार. पत्रा गार झाला, पाणी मिळालं, की तुझ्या नियमाप्रमाणे धुऊन मगच. जिनिंगचा मालक चिडला, चिडू दे. म्हणजे नेमसिंग वाचला. मी ज्यासाठी गेलो होतो ते झालं. मला आनंद व्हायला हवा.

परत निघालो तेव्हा ती दारात बसली होती. आत फातिमाबीच्या वयाच्या बायका जमल्या होत्या, तिला आत बोलावत होत्या, ती जात नव्हती. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलो. तीच बोलली.

"इब्राहीमभाई, तुमी त्या दिशी खोटं बोलला ते चांगलं केलं, का आज खरं बोलला ते?"

नासेर, मी तिथं उभा होतो आणि मला उत्तर आलं नाही. टोमणा मारत नव्हती ती, खरंच विचारत होती. तिला ते कळायला हवं होतं. मी तसाच घरी आलो.

तू ये. तुझ्या पुस्तकात याचं उत्तर असलं तर घेऊन ये. नसलं तरी ये.

तुझा भाई
इब्राहीम